तेलाचं फडकं

दादाच्या घरात हत्यार कशाला म्हणायचं, याचा निकाल एका फडक्यावर लागत असे. कपाटाशेजारी भिंतीत खिळा होता आणि त्या खिळ्याला तेल पिऊन पिऊन काळंभोर झालेलं फडकं लटकलेलं असायचं. संध्याकाळी दिवे लागले की दादा हात धुऊन जमिनीवर बसायचा, एकेक हत्यार मांडीवर घ्यायचा आणि पुसायचा. रंधा, पटाशा, करवती, गिरमिट. ज्याच्यावरून ते फडकं फिरलं ते हत्यार, बाकी सगळं नुसतं सामान. बाथरूमच्या दाराची बिजागरी कित्येक वर्षं कुरकुरत होती. वहिनी एकदा म्हणाली, "अहो, जाताजाता तेवढं फडकं तिच्यावरूनही फिरवा की." दादा म्हणाला, "बिजागरी हत्यार आहे का?" शेवटी वहिनीने स्वयंपाकघरातलं तेल आणून ओतलं, आणि पुढे आठवडाभर घरातल्या प्रत्येकाच्या बाहीवर डाग दिसत होता. तिच्या कात्रीलाही तेच उत्तर मिळालं होतं, सुरीलाही. वहिनीने मग विचारायचं सोडून दिलं.

ही शिस्त वडिलांची. तेही सुतार. त्यांनी फडकं दादाच्या हाती दिलं तेव्हा दादाला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याने आयुष्यभर ते सोडलं नाही. अलीकडे मात्र गंमत अशी झाली होती की हत्यारं रोज पुसली जायची आणि वापरली कधीच जायची नाहीत. उजव्या मनगटाने दगा दिला होता. पेचकस पिळताना बोटांत मुंग्या यायच्या, हातोडी मधेच सुटायची. डॉक्टरांनी सांगितलं, पिळायचं काम बंद. दादाने त्यांच्यासमोर मान डोलावली, घरी येऊन एक पाट करायला घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला चहाचा कप उचलता येईना. तेव्हापासून तो नुसता पुसायचा. माणूस मोठा तिखट, आणि फडकं हातात असताना कोणी त्याच्याशी बोललेलं त्याला खपायचं नाही. वहिनी तेवढा वेळ आत जाऊन बसे.

दादाला एकच बहीण. तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत, आणि पन्नाशी आली तरी ती धाकटीच राहिली. लहानपणी ही पोर दादाच्या पाठीमागे सावलीगत फिरायची. रंध्यातून निघणारे लाकडाचे छिलके गोळा करायची, कानांत अडकवायची आणि हळूच म्हणायची, "दादा, एकदा मी मारू रंधा?" दादाचं उत्तर ठरलेलं: "हात लावायचा नाही." तो दुष्ट नव्हता. त्याला मनापासून वाटायचं की हत्यार म्हणजे जबाबदारी आणि ही पोर म्हणजे वारं. तिने हट्ट केला नाही. ती शिवण शिकली, लग्न झालं, नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात मशीन मांडून ती पडदे शिवू लागली आणि त्यात तिचा हात असा बसला की खिडकी नुसती नजरेने मापून कापडाचा अंदाज सांगायची.

पण पडदा शिवून होतो तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं. तो टांगायला दांडी लागते, दांडीला भिंतीत भोक लागतं आणि भोक पाडायला येणारा माणूस आज येतो म्हणून परवा यायचा. आला तरी एक बाजू वर, एक खाली. गिऱ्हाईक बोलायचं धाकटीला. एकदा एका बाईने तिच्या देखत पडदा वाकडा आहे म्हणून नाक मुरडलं. पडदा सरळच होता, दांडी वाकडी होती. धाकटी घरी गेली आणि दुसऱ्या सकाळी दादाकडे येऊन म्हणाली, "दादा, मला ड्रिल मशीन घ्यायचंय. बॅटरीवरचं. चल माझ्याबरोबर."

"बॅटरीवरचं?" दादा म्हणाला. "ती काय हत्यारं असतात? खेळणी आहेत ती."

"मग खेळणं घ्यायला चल."

दादा गेला, कारण बहिणीला दुकानदार गंडवेल अशी त्याला भीती होती. आणि तिथे तो अक्षरशः लाजेने अर्धा झाला. दुकानदाराने कपाटातून सगळ्यात मोठं, सगळ्यात दांडगं मशीन काढून ठेवलं आणि त्याची ताकद वर्णन करून सांगू लागला. धाकटीने त्याचं सगळं ऐकून घेतलं, मशीन उचललं, हात डोक्याच्या वर सरळ ताणला आणि तशीच उभी राहिली. दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळी बघायला लागली. दुकानदार हसू दाबत म्हणाला, "ताई, काय करताय?"

"पडद्याची दांडी कुठे असते?" धाकटीने विचारलं. "गुडघ्यापाशी?"

तिचा हात थरथरायला लागला तसं तिने ते मशीन खाली ठेवलं आणि दुसरं मागितलं. तेही तसंच धरलं. मग तिसरं. दादा दाराकडे तोंड करून रस्त्यावरची गाड्यांची ये-जा पाहत राहिला. शेवटी तिने जे निवडलं ते दिसायला अगदीच चिमुकलं होतं, पण मुठीत बरोबर बसत होतं आणि वर धरलं तर हात ठरत होता. त्यात हॅमरचा वेगळा खटका होता, म्हणजे साध्या फिरण्याबरोबर विटेत ठोकण्याचीही सोय. तिने आणखी एक विचारलं जे दादाला तेव्हा कळलंच नाही: "पुढे मी करवत घेतली, घासायचं मशीन घेतलं, तर त्यांना हीच बॅटरी बसेल ना?" दुकानदाराचं हसू मावळलं. त्याने खुर्ची पुढे केली.

त्याला आता बराच काळ लोटला होता. दांड्यांवरून ती फळ्यांवर गेली, फळ्यांवरून कपाटांच्या दारांवर, आणि आता आजूबाजूच्या चार-पाच गल्ल्यांत कोणाचं काही निखळलं की तिलाच बोलावणं यायचं. त्या मशिनला ती जपायची कशी तर तिच्या पद्धतीने. प्रत्येक बॅटरीला तिने जाड कापडाची, आतून अस्तर लावलेली पिशवी शिवली होती, वर बटण. भरलेली बॅटरी असेल तर बटण लावलेलं, उतरलेली असेल तर उघडं. अंधारातसुद्धा पिशवीत हात घातला की कळायचं. काम करून तापलेली बॅटरी ती लगेच चार्जरला लावायची नाही, आधी निवू द्यायची. उन्हात उभ्या गाडीत कधी ठेवायची नाही. कित्येक दिवस काम नसेल तर पूर्ण भरूनही ठेवायची नाही आणि पूर्ण रिकामीही नाही. "अर्धपोटी बरी राहते ती," असं म्हणायची. दादा हे ऐकून वहिनीकडे बघायचा आणि म्हणायचा, "बघ, खेळण्याला अंगरखे शिवलेत."

अशात आई पडली.

आई दादाकडेच राहायची. सकाळी बाथरूममध्ये पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, आई चालायलाही लागली, चार पायांची काठी घेऊन. पण घरी सोडण्याआधी हॉस्पिटलने एक अट घातली. व्यायाम घेणाऱ्या बाई घर बघायला येणार, आणि बाथरूममध्ये, संडासाशेजारी धरायला भक्कम दांडे असतील तरच आई घरी. नसतील तर तिला काही महिने म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवायचं, तिथे जागा रिकामी होती आणि ती अडवूनही ठेवलेली होती. आईने दादाचा हात धरून एवढंच म्हटलं, "तिथे गेले तर मी परत येणार नाही रे. मला माहिती आहे." तिथे गेलेली माणसं परत आल्याचं त्यानेही ऐकलं नव्हतं.

स्टीलचे दांडे त्याने त्याच दिवशी आणले. बसवायला मात्र हात नव्हता. त्याने डाव्या हाताने प्रयत्न करून पाहिला, तो वहिनीने दारातून बघितला आणि सरळ धाकटीला फोन लावला. दादा भडकला. "पडद्याच्या दांडीत आणि यात फरक आहे! दांडी निघाली तर पडदा पडतो. हा निघाला तर माझी आई पडेल!"

"तुमची एकट्याची आहे का ती?" वहिनी म्हणाली.

धाकटी दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आली. चप्पल काढली, चहा नको म्हणाली आणि सरळ बाथरूममध्ये गेली. दादा तिच्या मागोमाग गेला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. चूक काढायला म्हणूनच उभा राहिला होता तो, हे लपवण्यात अर्थ नाही.

धाकटीने पिशवी उघडलीच नाही. ती आधी संडासावर बसली, मग उठली. पुन्हा बसली. डोळे मिटून, आई उठते तशी, डावा पाय पुढे टाकून, कण्हत उठली आणि उठताना हात आपसूक भिंतीवर जिथे गेला तिथे तिने पेन्सिलीने खूण केली. तीन-चारदा असं केलं. खुणा जवळजवळ एकाच ठिकाणी आल्या. दादाने आयुष्यात खुर्च्या केल्या, पलंग केले, माप घेऊन केले. पण माणसाचं दुखणं स्वतःच्या अंगात आणून माप घ्यायचं, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला एकदम आईच समोर दिसली आणि तो चौकट सोडून सरळ उभा राहिला.

मग तिने बोटाच्या पेराने भिंतीवरच्या फरशा वाजवून पाहिल्या. कान भिंतीला लावून. "इथे पोकळ आहे. इथे भरीव." थोडी थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "दादा, पाण्याचा पाइप कुठून गेलाय? तू होतास ना भिंत बांधताना?"

दादा होता. तो पुढे झाला आणि भिंतीवर बोट ओढून पाइपाची वाट दाखवली. खालून वर, मग नळाकडे आडवी. त्या बोटामागून तिने पेन्सिल फिरवली. एवढ्या वर्षांत बहीण-भाऊ एका कामावर एकत्र उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती. दोघांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण दोघंही उगाचच खाकरले.

उजेड उतरायला लागला होता. "एक भोक आज पाडून बघते," ती म्हणाली. "भिंत कशी आहे ते कळेल." फरशीवर तिने चिकटपट्टीचा तुकडा लावला, म्हणजे काचेसारख्या गुळगुळीत फरशीवरून बिटचं, भोक पाडणाऱ्या सळईचं, टोक घसरायला नको. हॅमर बंद असल्याचं दोनदा तपासलं. ओला स्पंज खाली धरला आणि खटका दाबला, दाबला म्हणजे नुसता स्पर्श केला. बिट इतकं सावकाश फिरू लागलं की त्याचे वळसे मोजता आले असते. दादाला तो हात ओळखीचा वाटला. शिवणाच्या मशिनचा पाय तिने असाच दाबलेला त्याने पाहिला होता, नाजूक कापडावर, एकेक टाका. जोर ती लावतच नव्हती. मशीन आपल्याच चालीने आत सरकत होतं. पांढरी धूळ स्पंजात उतरत होती, आवाज हळूहळू जड झाला आणि मग किंचित बदलला. दादाच्या ध्यानात यायच्या आधी तिने खटका सोडला होता. फरशी संपून वीट लागली होती. तिने हॅमरचा खटका फिरवला आणि उरलेलं भोक विटेत ठोकत नेलं.

चिकटपट्टी काढली. फरशीत गोल भोक, कडेला एक टवकासुद्धा नाही.

दादाने वाकून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. करंगळी घालून कड चाचपली. त्याला बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून आलं एवढंच: "बरं आहे."

"उरलेली सकाळी करते," धाकटी म्हणाली. ब्रशने तिने मशीन झाडलं, बॅटरी काढून तिच्या कापडात घातली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि घरी गेली.

दिवे लागले. दादा हत्यारं काढून बसला. रंधा पुसला, पटाशा पुसल्या, करवत पुसली. डोळ्यांसमोर मात्र ते भोक होतं. एवढ्याशा यंत्राने आणि एवढ्याशा बाईने काचेसारख्या फरशीत ते पाडलं होतं, आणि आवाजातला फरक तिने त्याच्या आधी ऐकला होता. सगळी हत्यारं पुसून झाली तरी फडकं हातातच राहिलं. कोपऱ्यात पिशवी होती. दादा उठला, ती घेऊन आला, मशीन बाहेर काढलं आणि मांडीवर घेतलं. मुठीवरचं रबर तिच्या बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. असंच झिजणं त्याच्या रंध्याच्या मुठीवर होतं. त्याने फडकं बाटलीत बुडवून ताजं केलं आणि पुसायला घेतलं. मनापासून पुसलं. पुढचा चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, त्याने उघडला आणि आत थेंब सोडले. बाजूच्या फटींत सोडले. जिथे बॅटरी बसते तिथल्या पितळी पात्यांनाही एक हात मारला. मग त्याला एकदम हलकं वाटलं आणि त्या रात्री त्याला छान झोप लागली.

सकाळी धाकटी लवकर आली. दुपारी व्यायामवाल्या बाई यायच्या होत्या. तिने मशीन हातात घेतलं, कपाळाला आठी पडली, पण कामाची घाई होती. चिकटपट्टी, स्पंज, खटका. बिट फरशीत जरा उतरलं आणि मशिनचा आवाज एकदम मोकळा झाला. जबडा फिरत होता, बिट जागेवर अडकून बसलं होतं. दुसऱ्या कोणाचा हात असता तर त्याने घाबरून आणखी जोर दिला असता, आणि फरशी तडकली असती. धाकटीचं बोट त्याच क्षणी खटक्यावरून उठलं होतं. मशीन तिने सरळ रेषेत, जराही न हलवता मागे घेतलं, बिट तसंच भिंतीत ठेवून. मग वास आला. जळकट तेलाचा.

तिने मशीन नाकाशी नेलं. बोट फिरवलं. बोट चमकलं.

"याला तेल कोणी लावलं?"

वहिनीने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं आणि दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा खर्रकन उतरला होता.

"मी," तो म्हणाला. "काल. हत्यारं पुसताना."

"अरे दादा!" धाकटीचा आवाज चढला. "चकात तेल घातलंस? त्याचं कामच घट्ट धरायचं आहे, तो सोडणार नाही तर काय करणार? आणि फटींतून आत गेलंय ते मोटरवर! त्यावर धूळ बसली की चिखल होतो. कुणी सांगितलं होतं तुला?"

"शिलाई मशिनला घालतेस की तू," दादा कसनुसा म्हणाला.

"ते वेगळं, हे वेगळं! हे बंद पडलं तर आज दुसरं कुठून आणू? त्या बाई येतील, भिंत बघतील आणि आईला तिकडे पाठवून देतील. काय केलंस तू हे?"

एरवी शब्दाला शब्द देणारा दादा भिंतीतल्या त्या अडकलेल्या बिटकडे बघत उभा राहिला. आपल्या हाताने आपण आईला घराबाहेर काढलं, असं त्याला वाटलं. वहिनीने पाट सरकवला तेव्हा तो खाली बसला.

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "वहिनी, आईच्या जखमेसाठी आणलेलं स्पिरिट आहे का? आणि कापूस?"

मग दादाने जे पाहिलं ते त्याला नंतर कधी विसरता आलं नाही. ती खिडकीशी बसली. आधी बॅटरी काढून लांब ठेवली. चक पूर्ण उघडला, स्पिरिटचा कापूस काडीला गुंडाळून जबड्याची एकेक फट पुसली, बंद केला, उघडला, पुन्हा पुसला. कापूस पिवळा येत होता, मग कमी पिवळा, मग पांढरा. पितळी पाती कोरड्या कापडाने घासली. बाजूच्या फटींना टिपकागदासारखं सुती कापड लावून तेल शोषून काढलं, आत काही सोडलं नाही. मघाचा राग तिच्या हातात कुठेही नव्हता. तापल्या मुलाला पुसावं तसे ते हात चालले होते. दादाला वाटलं, आपण आयुष्यभर हत्यारं पुसली, पण ती कधी आजारी पडली नाहीत. ही तर आजारातून उठवते आहे.

"लाव की आता बॅटरी," तो न राहवून म्हणाला.

"स्पिरिट उडून जाऊ दे. ओलं असताना ठिणगी पडली तर भडकेल."

ती मशीन वाऱ्याला ठेवून बसून राहिली. बाहेर कोणाची तरी गाडी थांबली की दादा दाराकडे बघायचा. धाकटी एकदाही बघत नव्हती. पुष्कळ वेळाने तिने मशीन नाकाशी नेऊन वास घेतला, बॅटरी बसवली आणि हवेतच ते हळू चालवलं. सुरुवातीला जरा करपट वास आला, मग विरला. आवाज एकसारखा झाला.

भिंतीतल्या बिटवर तिने चक तसाच जागेवर आणून धरला आणि हाताने आवळला. पकड बसली. एकामागून एक भोकं पडत गेली, प्रत्येक आधी मुंगीच्या पावलाने, मग विटेत दणदण. ती प्रत्येक भोकातली धूळ फुंकून, ब्रश घालून काढत होती, कारण धुळीत बोल्ट पकडत नाही. बोल्ट बसवले, दांडे चढवले. शेवटचा पीळ तिने मशीन बाजूला ठेवून पान्याने, हाताने दिला. दादा उठून उभा राहिला. "हा हाताने का?"

"इथे मला कळलं पाहिजे," ती म्हणाली, "भिंत काय म्हणते ते."

दादाला हे वाक्य माहीत होतं. लाकडाबद्दल वडील हेच म्हणायचे. धाकटीला ते कोणी शिकवलं नव्हतं. छिलके गोळा करताना तिने ऐकलं असेल, आणि इतकी वर्षं जपून ठेवलं असेल.

व्यायामवाल्या बाई उंच आणि चांगल्या दणकट होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, पाय उचलले आणि दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळल्या. दादाने डोळे मिटून घेतले. दांडा हलला नाही. बाईंनी झटका दिला, दुसऱ्या दांड्यालाही तसंच केलं, मग संडासावर बसून हात टाकून पाहिला आणि जरा आश्चर्याने म्हणाल्या, "हात बरोबर इथेच जातो. उंची कोणी ठरवली?"

"आईने," धाकटी म्हणाली.

त्याच संध्याकाळी आई घरी आली. चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारात थांबवायला लावली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. काठीने दोन पावलं टाकली, संडासावर बसली, आणि उठताना तिचा हात भिंतीकडे गेला. न शोधता दांड्यावर पडला. आई उभी राहिली. ताठ नाही, पण स्वतःची स्वतः. तिचे डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तिने भिंतीकडेच बघत विचारलं, "हे कोणी बसवलं?"

"धाकटीने," दादा म्हणाला.

"आणि तू काय केलंस?"

दादाने जीभ चावली. "मी तेल लावलं."

"कशाला?"

"तिच्या मशिनला."

"त्या तेलापायी सकाळी माझा जीव जायची वेळ आली होती," धाकटी म्हणाली आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "फटींतून, चकातून, सगळीकडे! निम्मी सकाळ कापसाने पुसत बसले."

आई मात्र हसली नाही. दांडा धरून ती सावकाश वळली आणि लेकीकडे पाहत राहिली.

"अगं," ती म्हणाली, "तुझ्या वडिलांनी माझ्या सुरीला ते फडकं कधी लावलं नाही. मी मागून थकले. यानेही बायकोच्या कात्रीला लावलं नाही. आणि तुझ्या मशिनला लावलं म्हणतो. ऐकतेस ना तू?"

धाकटीने भावाकडे पाहिलं. दादा फरशीवरची पेन्सिलीची खूण अंगठ्याने पुसत होता, जिथे खूण आधीच पुसली गेली होती तिथे. पन्नाशीची ती बाई क्षणभर कानात छिलके अडकवलेल्या पोरीसारखी उभी राहिली, आणि मग तिने दाराकडे तोंड फिरवलं. तिथे ती बराच वेळ उगाच बिजागरी बघत होती.

दिवे लागले तसा दादा हत्यारं काढून बसला. एकेक पुसून ठेवलं. मग त्याने कपाटातून एक धुतलेलं सुती कापड काढलं, त्याची घडी केली, आणि वहिनीकडे एक खिळा मागितला. तेलाच्या फडक्याशेजारी तो त्याने डाव्या हाताने ठोकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला.

"हे कोरडं," त्याने धाकटीला सांगितलं. "याला तेल लागू द्यायचं नाही. मी लागू देणार नाही. आण ते इकडे."

धाकटीने मशीन आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. दादाने पुसायला सुरुवात केली. जरा वेळाने त्याचा हात थांबला. पुसून ठेवलेल्या हत्यारांतून त्याने रंधा उचलला, तेलाचं फडकं त्यावर ठेवलं आणि तिच्या हातात दिला.